‘ग्लासातला बर्फ’ आणि डच लोकांची भिंत

‘ग्लासात बर्फ टाका, वितळू द्या. पाणी वाढलं का? नाही! मग समुद्र कसा वाढेल? गेटवेच्या पायऱ्या तिथेच आहेत. आणि वाढलाच, तर डच लोक राहतातच की समुद्राच्या खाली. भिंत बांधू!’ हा मेसेज परवा तिसऱ्या ग्रुपवर आला, म्हणून लिहितोय.

ग्लासाचा प्रयोग खरा आहे, पण तो तरंगत्या बर्फाचा. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बहुतेक बर्फ जमिनीवर आहे. तोच प्रयोग असा करा: ग्लास काठोकाठ भरा, वर चहाची गाळणी धरा, बर्फ त्या गाळणीत ठेवा. फडकं जवळ असू द्या. एकट्या ग्रीनलंडवर समुद्र सुमारे ७ मीटर चढवण्याइतका बर्फ आहे. सगळा वितळायला शेकडो-हजारो वर्षं लागतील, हे मान्य. शिवाय पाणी तापलं की फुगतं, ती वाढ वेगळी.

गेटवेच्या पायऱ्यांचं म्हणाल, तर मुंबईत भरती-ओहोटीतला फरकच तीन-चार मीटरचा असतो. जगाची सरासरी वाढ १९०० पासून सुमारे २० सेंटिमीटर. ती नजरेला दिसणार कशी? म्हणून तर गेटवेजवळच्याच अपोलो बंदरावर १८७८ पासून पातळी मोजून लिहून ठेवतात. १९९३ च्या सुमारास जगाची पातळी वर्षाला दोनेक मिलिमीटर वाढत होती, आता चारच्या वर.

आता भिंत. मुद्दा बिनडोक नाही. आपणही पिढ्यान्‌पिढ्या तेच केलंय. कोकणातली खारभूमी, गोव्यातली खाजनं, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतजमिनी, बांधावरच उभ्या आहेत. पण बांधाइतकंच महत्त्व त्यातल्या दाराला असतं. कोकणात त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी निघून जातं. समुद्राची पातळीच चढली की दार उघडं राहायचा वेळ घटतो. मग पावसाचं पाणी आतच तुंबतं आणि पंप लावावे लागतात. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मुंबईत काय होतं ते दादरच्या सखल हिंदमाताला विचारा.

डच लोकांचे पंप तर कायमच चालू असतात. १९५३ च्या पुरात १८३६ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी पुढची चार दशकं बांध आणि दरवाजे बांधण्यात घातली. रॉटरडॅमजवळचा प्रचंड दरवाजा १९९७ मध्ये सुरू झाला. आणि तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली, तरी पुढच्या २००० वर्षांत समुद्र २ ते ३ मीटर चढेल असा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, अंदाज आहे. मग भिंत किती उंच धरायची?

आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही. नाइमेखन शहरापाशी याच डच लोकांनी नदीला पुरात पसरायला जागा हवी म्हणून वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला. वाटेतली पन्नासेक घरं उठवून.