वकिलातीचा भाडेकरू आला म्हणून घर परक्या देशाचं होत नाही

मामांचा मुंबईतला फ्लॅट कॉन्सुलेटमधल्या (परदेशी सरकारच्या इथल्या शहर-कचेरीतल्या) एका अधिकाऱ्याला भाड्यानं हवाय आणि मामा अडून बसलेत. कारण फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: 'राजनैतिक अधिकाऱ्याला घर दिलंत की ती जमीन त्याच्या देशाची होते. दावा लावता येत नाही, घर कायमचं जातं, घरपट्टी तेवढी माफ होते.'

जमीन त्याच्या देशाची? अहो, दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या दूतावासांखालची जमीनसुद्धा भारताचीच आहे! 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासात आणि राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरता येत नाही, बस्स. पोलीस दारात थांबले म्हणून प्रॉपर्टी कार्डावरचं मालकाचं नाव पुसलं जात नाही. त्यातून मुंबईत दूतावास नाहीतच, कॉन्सुलेट आहेत. त्यांना 1963 चा वेगळा करार लागतो. त्यात अधिकाऱ्याला संरक्षण आहे ते कचेरीच्या कामापुरतं. राहत्या घराला ते नाही, आणि स्वतःच्या नावानं केलेल्या करारावरून त्याच्यावर दिवाणी दावाही लागतो.

'घर कायमचं जातं' हे तर साफ उलटं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 काढून कलम 3 वाचा. परदेशी वकिलातींना भाड्यानं दिलेल्या जागांना तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे पागडीवाल्या (जुन्या, नाममात्र भाड्याच्या) भाडेकरूला जे कवच मिळतं, ते वकिलातीला नाही. पागडीवाला तीन-तीन पिढ्या हलत नाही, त्याच्यावर मात्र फॉरवर्ड निघत नाही.

दाव्याचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य. भाडेकरू म्हणून खुद्द परदेशी राज्य असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 खाली केंद्र सरकारची लेखी संमती आधी लागते. परदेशातलं उदाहरण घ्या: न्यूयॉर्कमध्ये झैर या आफ्रिकी देशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या कचेरीनं भाडं थकवलं, तेव्हा 1993 मध्ये अपील कोर्टानं थकबाकीचा हुकूम कायम ठेवला, पण जागा खाली करून द्यायला नकार दिला. तेही कचेरीच्या जागेचं प्रकरण होतं, कोणाच्या टू बीएचकेचं नव्हे.

घरपट्टीची सूट वकिलातीला आहे, घरमालकाला नाही. मामा, बिल तुम्हालाच येणार.

विचारायचंच तर ब्रोकरला हे विचारा: लीव्ह अँड लायसन्सचा (भाड्याचा) करार कोणाच्या नावानं, अधिकाऱ्याच्या की कॉन्सुलेटच्या? बदली झाली तर मुदतीआधी घर सोडायचं कलम कॉन्सुलेटवाले घालायला सांगतील. त्यात नोटीस किती महिन्यांची, आणि डिपॉझिट तेवढ्या महिन्यांच्या भाड्याला पुरतंय का?