कुत्र्याच्या मानेवर मोबाईल

रविवारी सकाळी कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या अपार्टमेंटच्या जिन्यात एक लॅब्रॅडॉर घोरत पडलेलं सापडलं. गळ्यात पट्टा नाही, पण अंगावर चरबी खात्यापित्या घरची. वरच्या मजल्यावरच्या काकांनी कठड्यावरून वाकून निदान केलं, "असल्या कुत्र्यास्नी चिप बसवलेली असतीया. मोबाईल लावा, मालकाचा पत्ता दिसतोय बघा."

काकांनी हे व्हॉट्सॲपवर वाचलं होतं, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

चिप असते दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत. मी फोनमधलं एनएफसी, म्हणजे कार्ड जवळ धरून वाचायची सोय, चालू केलं आणि गुडघ्यावर बसून दृष्ट काढावी तसा फोन फिरवायला लागलो. कुत्र्याला वाटलं, लाड चाललेत. ते उताणं झालं. चिप फरशीकडं, पोट माझ्याकडं. तळमजल्याच्या आजी दूध घेऊन येत होत्या. "बिल करतोस व्हय रं त्याचं?"

तेवढ्यात फोन 'टिंग' वाजला! जिन्यातली सगळी मंडळी पुढं सरकली. फोननं माझ्याच वरच्या खिशातलं एटीएम कार्ड वाचलं होतं.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन लावला. "मामा, तुमचा मोबाईल 13.56 मेगाहर्ट्झचा, आणि कुत्र्याची चिप 134.2 किलोहर्ट्झची. शंभर पटीचा फरक आहे. सांगली केंद्रावर काटा लावून विविध भारती लागंल का?"

"मग एखादं ॲप टाकू?"

"ॲप टाकून म्हशीचा घोडा हुतोय का?"

त्याचं म्हणणं असं, की चिपमध्ये बॅटरीच नसते. वाचणाऱ्या यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. फोनमधलं वेटोळं दुसऱ्याच सुरात बांधलेलं असतं. आता पंधरा हजारांच्या फोनला शेजारच्या बँकेचं कार्ड कळतं, पासपोर्टची चिप कळते, आणि समोर आडवं पडलेलं तीस किलोचं कुत्रं कळत नाही, हे मला अजूनही पटलेलं नाही.

मी हार मानणारा नाही. फोनला ओटीजी केबलनं जोडायचा, चिप वाचणारा रीडर ऑनलाईन मागवला. तो यायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस कुत्रं सोफ्यावर, मी स्टुलावर.

हा रीडर म्हणजे भारी सोंगाड्या. फोनला सांगतो, मी कीबोर्ड आहे. चिप दिसली की आकडे टाईप करतो आणि शेवटी स्वतःच एंटर मारतो. मला हे ठाऊक नव्हतं. रीडर कुत्र्यावरून फिरवला, काही नाही. वैतागून टेबलावर आपटला, तर तिथं पडलेलं बिल्डिंगच्या दाराचं कार्ड त्यानं झटकन वाचलं. फोनवर सोसायटीचा ग्रुप उघडा होता. ग्रुपवर माझ्या नावानं दहा आकडे गेले. पुन्हा गेले. पुन्हा गेले.

"कुणाचा नंबर हाय ह्यो?" "लागत नाही." "मेंटेनन्सची थकबाकी काय?" काकांनी तर हात जोडलेलं चित्र टाकलं.

भाचा हसून हसून लोळला. दाराची कार्डं 125 किलोहर्ट्झची, मी आणलेला रीडरही तेवढंच वाचणारा. 134.2 आणि 125 यांत तुम्हाआम्हाला फरक तो काय, पण कुत्र्याला पुरेसा होता.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पांढरा स्कॅनर मानेवर धरला, पिक्! पंधरा आकडे. मी पेनच काढलं पत्ता लिहायला. "पत्ता नसतो हो आत," डॉक्टर म्हणाले. "नुसता नंबर. पहिले तीन आकडे 356 असते तर भारत म्हणून कळलं असतं. हा 9 नं सुरू होतोय, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा." चार दिवसांच्या तपासात एवढं निष्पन्न झालं, की कुत्र्याला कंपनी आहे.

परत येताना कुत्र्यानं एकदम दोरीला हिसका दिला आणि मला फरफटत गंगावेशीत नेलं. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, गवळ्याच्या हातात फेसाळ धारोष्ण दुधाचा ग्लास. त्यानं मान वर करून नुसतं बघितलं.

"आरं टिप्या! चार दिस कुठं हुतास रं?"

मालकाचा नंबर त्याला तोंडपाठ होता. दहा आकडी. टिप्यासमोर वाडगं ठेवून त्यानं खिशातली वही काढली आणि माझ्याकडं बघितलं.

"आजचं कुणाच्या नावावर लिवू?"