चीनमध्ये परदेशी कुटुंबांनाही ‘एकच मूल’? साफ खोटं

लोकसंख्येचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘चीनमध्ये एक मूल म्हणजे एकच. चिनी असो वा तिथे नोकरीला गेलेला परदेशी, सगळ्यांना सारखंच. परदेशी बाईलाही दुसऱ्या बाळंतपणाला सरकारी परवाना लागतो. दंड भरला नाही तर व्हिसा रद्द, मुलाला शाळा बंद. याला म्हणतात समान कायदा. आपल्याकडे कधी?’

आपल्याकडे काय व्हावं यावर ज्याने त्याने खुशाल भांडावं. पण त्यासाठी दिलेला हा दाखलाच खोटा आहे.

आधी कायदा कोणाला होता ते पाहू. सप्टेंबर 1980 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाने ‘एकच मूल’चं जाहीर पत्र काढलं, ते पक्षाच्या आणि युवक संघटनेच्या सदस्यांना उद्देशून. पुढे रीतसर कायदा झाला, तो 1 सप्टेंबर 2002 पासून लागू झाला. त्याचं 17 वं कलम कुटुंबनियोजनाची जबाबदारी ‘नागरिकां’वर टाकतं आणि जास्तीच्या मुलासाठी शुल्क आकारणारं 41 वं कलमही नागरिकांबद्दलच बोलत होतं. नवराबायको दोघंही परदेशी असतील तर हा कायदा त्यांना लागूच नव्हता. चार मुलं असोत की सहा, दंडाचा प्रश्नच नाही.

आता परवाना आणि व्हिसा. गरोदर चिनी बाईला जन्म-परवाना दाखवावा लागे, हे खरं. परदेशी बाईची ओळख तिच्या पासपोर्टवर. आई-वडील दोघंही परदेशी असले की बाळाला चिनी नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे ते कोणाच्या कोट्यात बसायचा प्रश्न येत नाही. शाओशिंगजवळच्या कछ्याओमध्ये कापडाच्या व्यापारात बरेच भारतीय आहेत. तिथल्या एखाद्या जोडप्याला तिसरं मूल झालं तर कागद कुठले? रुग्णालयाचा जन्मदाखला. मग भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्मनोंदणी, सोबत बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांचं लेखी निवेदन. शिवाय 2013 पासून लागू असलेल्या चिनी कायद्याप्रमाणे जन्मापासून 60 दिवसांत स्थानिक पोलिसांच्या परदेशी-नोंदणी विभागात बाळाची नोंद. पहिल्या बाळाला हीच धावपळ आणि तिसऱ्यालाही हीच.

परदेशी बाईलाही चुकत नाही असा एक नियम मात्र आहे. वैद्यकीय कारण नसताना गर्भाचं लिंग सांगायला डॉक्टरला तिथे 1990च्या दशकापासून कायद्यानेच बंदी आहे. बंधन डॉक्टरवर असल्यामुळे समोरची बाई कुठल्या देशाची, याला महत्त्व नाही. सोनोग्राफी सेंटरबाहेरची पाटी वाचत मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

शाळेचा मुद्दा तर उलटा आहे. परदेशी पासपोर्टवाल्यांच्या मुलांसाठी बीजिंग-शांघायमध्ये वेगळ्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. तिथे अडतं ते फीपाशी, आणि ती वर्षाला लाखांत, तीही युआनमध्ये. कंपनी किती मुलांची फी देणार, यावर बऱ्याच घरांची गणितं ठरतात. सरकारला त्यात पडायचं काही कारण नाही.

मग ही अफवा आली कुठून? माझा अंदाज असा की रस्त्यावरून. चार मुलं घेऊन निघालेलं परदेशी कुटुंब तिथे तमाशाच होई. लोक बोटाने मुलं मोजत, सगळी तुमचीच का म्हणून विचारत. दंड किती भरला, असं कुतूहलही कोणाला वाटलं असेल तर नवल नाही, कारण स्वतःच्या घरात तो हिशोब त्यांनी पाहिलेला. ऐकणाऱ्याने त्यावरून दंड आपल्यालाही आहे असं धरलं, तर गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

खरी अडचण मिश्र घरांची होती, आणि तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. चिनी नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे आई-वडिलांपैकी एक जरी चिनी असला आणि बाळ चीनमध्ये जन्मलं, तर ते चिनी. दुहेरी नागरिकत्व चीन मानत नाही, भारतही मानत नाही. बायको चिनी आणि नवरा भारतीय असेल तर दुसऱ्या मुलाच्या वेळी त्या प्रांताचा नियम पाहावा लागे, आणि तो प्रांतागणिक वेगळा.

‘समान कायदा’ हे तर सगळ्यात मोठं असत्य. खुद्द चिनी माणसांनाही तो समान नव्हता. बहुतेक ग्रामीण भागांत पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाची मुभा होती. अल्पसंख्य जमातींना सवलती होत्या. हाँगकाँग आणि मकाऊला तो कधी लागूच झाला नाही. बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा बसवणारे दिग्दर्शक झांग यिमौ यांना तीन मुलांपायी 2014 मध्ये 74.8 लाख युआनचा दंड झाला. बातमी गाजली, पण त्यांना तो परवडणारा होता. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2012 मध्ये, शाआन्शी प्रांतात 40,000 युआन भरू न शकलेल्या एका बाईचा सातव्या महिन्यात जबरदस्तीने गर्भपात केला गेला होता. 2010च्या जनगणनेत सुमारे 1.3 कोटी लोक घरनोंदणीविना सापडले. त्यातले बरेचसे असे ‘जास्तीचे’ जन्मलेले. नोंदणी नाही म्हणजे शाळेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत अडचण. मेसेजमधली ‘शाळा बंद’ची शिक्षा भोगली ती या चिनी मुलांनी.

आणि ‘आपल्याकडे कधी?’ असं महाराष्ट्रातल्या माणसाने विचारू नये. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर इथे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि 2005च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही अट घातली. आमदार-खासदारांना मात्र अशी अट नाही. समानतेची एवढीच हौस असेल तर सुरुवात तिथून करावी.

राहता राहिलं मेसेजमधलं वर्तमानकाळातलं ‘लागतो’. 2016 पासून तिथे दोन मुलांना परवानगी आहे, 2021 मध्ये ती तीनपर्यंत गेली आणि शुल्कही रद्द झालं. 2022 मध्ये चीनची लोकसंख्या 1961 नंतर पहिल्यांदाच घटली. आता सरकार तीन वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला 3,600 युआन देतं आहे, आणि तरुण जोडपी म्हणतात, एवढ्यात होतंय काय?