माणशी एक तुकडी

तीनशे रुपये गेल्याचं दुःख नाही, पण काका सोकावतात. दिवेआगरहून परत येऊन चार दिवस झाले. गाडीच्या सीटखालून अजून वाळू निघतेय आणि माझ्या डोक्यातून ते काका निघत नाहीयेत.

यंदा आम्ही सगळं धरून पॅकेजवालं रिसॉर्ट घेतलं होतं. नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, संध्याकाळी चहा-भजी. मोठ्यांना माणशी दिवसाचे ३,५००, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, पाचच्या आतलं फुकट. म्हणजे अडीच वर्षांचा धाकटा फुकट आणि सहा वर्षांची थोरली १,७५०. हट्ट माझा होता, आणि त्याला कारण गेल्या वर्षीची सुट्टी.

गेल्या वर्षी नवऱ्याला स्वयंपाकघरासकट घर हवं होतं. "मुलांच्या पोटाला बाहेरचं नको. आपण साधी खिचडी टाकू." मराठीतलं हे 'आपण' फार कपटी सर्वनाम आहे. व्याकरणात ते दोघांना धरून असतं. ओट्यापाशी पोहोचेपर्यंत त्यातला एक जण समुद्रावर गेलेला असतो. घर छान होतं. अंगण, झोपाळा, मागे नारळी. शेगडीचा एकच बर्नर पेटायचा, सांडशी नव्हती आणि सुरीला कांद्याची दया यायची. मी पुण्याहून तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, तूप आणि कुकर नेला होता. कुकरची रिंग पुण्यात राहिली. तीन दिवस पातेल्यात डाळ शिजवत बसले. मालकीणबाई सोबतीला येऊन बसायच्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्यांची सुपारीची बाग एका दुपारीत आडवी झाली, तेव्हापासून घर खोल्यांवर चाललंय. सुपारी नव्याने लावली की धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणाल्या. माझी डाळही त्याच बेताने चालली होती. समुद्र मी निघताना पाहिला, गाडीच्या काचेतून.

म्हणून यंदा रिसॉर्ट. आणि पहिल्याच सकाळी मी मुलांसाठी पोहे वाढून घेत होते, तर मागून आवाज आला, "पोहे घेऊ नका."

मला वाटलं, आंबलेत की काय. "का हो?"

"पोह्यात त्यांचा फायदा आहे."

बर्म्युडा, बनियन, गळ्यात टॉवेल आणि हातात कोरी प्लेट. "पोहे पोटात जागा अडवतात, वहिनी. थांबा, घावनं येतील. घावनाला त्यांना तव्यापाशी माणूस उभा करावा लागतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पपईला हात लावू नका. पपई परसातली आहे. मी मागे जाऊन बघून आलोय."

त्यांच्या बायकोने एव्हाना दोनदा पोहे घेतले होते. ती खिडकीतून बाहेर बघत शांतपणे खात होती. काकांसोबत तीस वर्षं काढल्यावर माणूस जिथे पोहोचत असेल, तिथे ती पोहोचली होती.

दुपारी जेवणाच्या टेबलावर पाटी होती : 'सुरमई माणशी एक तुकडी'. वाढणारा मुलगा वहीत खोली नंबराप्रमाणे खुणा करत होता. काका आमच्याच टेबलावर येऊन बसले. थोरलीच्या ताटात पोळी आणि सॉस. धाकट्याच्या हातात घरून आणलेलं बिस्किट.

"हिचं अर्धं तिकीट का?"

"हो."

"आणि खाते काय?"

"पोळी."

काकांनी डोळे मिटले. बहुधा भागाकार चालला होता. "वहिनी, ही पोरगी तुम्हाला बुडवतेय. आणि हा तर फुकट आहे ना? मग फुकटाला घरचं बिस्किट?" थोडा वेळ थांबून अगदी हळव्या आवाजात म्हणाले, "मग हिची तुकडी?"

"ती मासे नाही खात."

"वाया जाईल हो."

भीड भिकेची बहीण. मी म्हटलं, घ्या.

त्या रात्री त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तर ते आमचा खोली नंबर परस्पर सांगू लागले.

रात्रीचं जेवण साडेआठला. ही वेळ कोणी ठरवली, मला त्याला भेटायचंय. अडीच वर्षांचं मूल सात वाजता भुकेने आडवं पडतं आणि साडेआठला टेबलावर डोकं ठेवून झोपतं. वाटीभर मऊ भात आधी मिळेल का विचारलं, तर "किचन बंद आहे मॅडम". दूध तेवढं तापवून मिळायचं. वरच्या दुधाचं पातेलं घेऊन मी स्वागतकक्षात उभी, आणि माझ्याच पैशांची भजी शेजारून चाललेली.

शेवटच्या रात्री थोरलीने बापाच्या ताटातला उरलेला घास उचलला, चावला आणि म्हणाली, "मला हा मासा पाहिजे. अख्खा."

सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. कापून, कुस्करून, बटाटा आहे सांगून, सगळं करून झालं होतं. माझी तुकडी केव्हाच संपली होती. मी धावत गेले. मुलाने वही बघितली.

"मॅडम, बेबीची तुकडी झालीय."

कोपऱ्यातल्या टेबलावर काका काटा चोखत होते. मला बघून त्यांनी हात वर केला. "आज ताजी आहे हं!"

जादा तुकडी ३०० रुपये. तिने दोन घास खाल्ले आणि सॉस मागितला.

सकाळी बिलावर खाली दोन ओळी होत्या : 'सुरमई जादा १, दूध तापवणे ४ × ४०'. दूध तापवण्याचे १६०! घरी याचे मी अडीच वर्षांत किती लावायला हवे होते, याचा हिशोब मी तिथेच उभी राहून केला, आणि मग सोडून दिला, कारण मागे रांग होती आणि रांगेत काका होते. त्यांच्या बिलावर एकही जादा ओळ नव्हती.

म्हसळ्याच्या अलीकडे नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी त्यापेक्षा किचनवालं घरच घेऊ. मुलं तशीही वरणभातच खातात. आपण साधं काहीतरी..."

"आपण म्हणजे कोण?"

माणगाव येईपर्यंत तो गाडी फार लक्षपूर्वक चालवत होता.