मावशीने गोळी बंद केली, त्या मेसेजला उत्तर

मावशीला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि गेली चारेक वर्षं तिच्या लघवीतून प्रथिनं जातात. टेल्मिसार्टनची गोळी तिला रोज सकाळी ठरलेली. परवा फोनवर इकडचं तिकडचं बोलताना ती सहज म्हणाली, "अगं, ती बीपीची गोळी मी सोडली. अकरा दिवस झाले. किडनीलाच खाते म्हणे ती." कोण म्हणतं? तर मेसेज आलाय. तिने तो मलाही पाठवला. माझ्याकडे तो आधीच दोन ग्रुपवरून येऊन पडला होता आणि मी तो अर्धवट वाचून पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यात पाच दावे आहेत. बीपीच्या गोळ्याच किडनी निकामी करतात, आणि गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढतं हा त्याचा पुरावा. रोज पाच लिटर पाणी प्यायलं की क्रिएटिनिन धुऊन निघतं. एकवीस दिवस काढा घेतला की किडनी पूर्ववत होते. गेल्या तीस वर्षांत किडनीसाठी एकही नवं औषध निघालेलं नाही. आणि डायलिसिस एकदा सुरू झालं की सुटत नाही, म्हणूनच डॉक्टर ते घाईने सुरू करतात. खाली नेहमीचंच, दहा जणांना पाठवा.

पहिल्या दाव्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण मावशीची गोळी त्यानेच सोडवली.

एका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक नळी आणि ते बाहेर नेणारी दुसरी नळी. मधुमेहात आणि वाढलेल्या रक्तदाबात या गाळणीच्या आतला दाब वाढतो. वर्षानुवर्षं तो दाब सोसून गाळणी झिजते, तिच्यातून प्रथिनं गळू लागतात, लघवीला फेस येतो आणि शेवटी तिथे वण उरतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो. दाब उतरला की सुरुवातीला गाळणंही थोडं कमी होतं, आणि तेवढ्यापुरतं क्रिएटिनिन थोडं वर जातं. म्हणजे मेसेज ज्याला बिघाडाचा पुरावा म्हणतो, ती बहुतेक वेळा गोळी लागू पडल्याची खूण असते. ही वाढ किती चालते यालाही मर्यादा आहे. आधीच्या आकड्यापेक्षा साधारण ३० टक्क्यांपर्यंत वाढली तर गोळी चालू ठेवतात. त्याहून जास्त वाढली तर डॉक्टर कारण शोधतात, उदाहरणार्थ किडनीकडे जाणारी रक्तवाहिनीच अरुंद झाली आहे का. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. ती तपासणी करून घ्यायची असते. आकडा बघून घरच्या घरी गोळी सोडायची नसते.

हे कळायला काही कालपरवाचं संशोधन लागत नाही. १९९३ साली कॅप्टोप्रिल या रॅमिप्रिलच्याच जातीच्या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली. मधुमेहाने किडनी बिघडलेले ४०९ रुग्ण होते. दोन्ही गटांचा रक्तदाब आटोक्यात ठेवला होता, फरक फक्त एवढाच की एका गटाला कॅप्टोप्रिल होतं आणि दुसऱ्याला नव्हतं. क्रिएटिनिन दुप्पट झालेले रुग्ण पहिल्या गटात २५ निघाले, दुसऱ्यात ४३.

तरी कुणी म्हणेल की ते सुरुवातीच्या आजारात ठीक आहे, किडनी फार बिघडल्यावर याच गोळ्या भारी पडत असतील. ही शंका मूर्खपणाची नाही. खुद्द किडनीच्या डॉक्टरांनाच ती होती, आणि काही छोट्या अभ्यासांत गोळी थांबवल्यावर किडनी सुधारल्यासारखं दिसलंही होतं. म्हणून ब्रिटनमध्ये 'स्टॉप-एसीई-आय' नावाची चाचणी झाली. नेमका मेसेजमधलाच प्रश्न त्यांनी तपासला. ज्यांची किडनीची क्षमता, म्हणजे रिपोर्टमध्ये जीएफआर लिहिलेलं असतं ते, ३०च्या खाली गेली होती असे ४११ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्यांची गोळी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली आणि तीन वर्षं लक्ष ठेवलं. मेसेज खरा असता तर गोळी सोडणाऱ्यांच्या किडन्या सावरायला हव्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. तीन वर्षांनंतरचा सरासरी जीएफआर गोळी सोडणाऱ्यांत १२.६ होता, चालू ठेवणाऱ्यांत १३.३. किडनी पूर्ण निकामी झालेले किंवा डायलिसिस, प्रत्यारोपणापर्यंत पोचलेले लोक सोडणाऱ्यांत ६२ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत ५६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, त्यामुळे गोळी सोडल्यानेच जास्त किडन्या गेल्या असं मी म्हणणार नाही. पण सोडून फायदा झाला नाही, हे मात्र स्पष्ट आहे. तेही किडनी सर्वांत नाजूक अवस्थेत असलेल्या लोकांमध्ये. मावशीची किडनी त्या अवस्थेच्या जवळपासही नाही, आणि तिने गोळी सोडली!

आता यातलं अर्धं खरंही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी तेच पकडून बसेल. गोळ्यांनी किडनी बिघडते हे काही गोळ्यांबाबत खरं आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना महागात पडतात, आणि गुडघे दुखतात म्हणून त्या महिनोन्‌महिने बिनदिक्कत घेतल्या जातात. मेसेजमध्ये त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. दुसरं, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर बीपीच्या याच गोळ्या काही दिवस थांबवायला डॉक्टर स्वतःच सांगतात. पण ते काही दिवस, त्यांना विचारून, आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करायच्या अटीवर.

पाच लिटर पाण्याचं. इथे लिहिणाऱ्याने मुतखडा आणि किडनीचा जुनाट आजार यांची गल्लत केली आहे. मुतखड्यासाठी पाणी खरंच उपयोगी आहे. पहिला खडा झालेल्या १९९ लोकांवर इटलीत पाच वर्षं चाललेला अभ्यास १९९६ साली आला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत पुन्हा खडा होण्याचं प्रमाण १२ टक्के होतं, इतरांत २७. पण क्रिएटिनिन म्हणजे भांड्याला चिकटलेली राख नव्हे की जास्त पाणी ओतलं आणि निघाली. ते स्नायूंतून रोज तयार होतं आणि जेवढ्या गाळण्या शाबूत आहेत तेवढंच बाहेर पडतं. कॅनडात किडनीचा मध्यम आजार असलेल्या ६३१ लोकांवर हेच तपासलं, निम्म्यांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावलं. २०१८ साली निकाल आला, किडनीची घसरण थांबली नाही. आणि ज्यांच्या पायांवर सूज आहे, लघवी कमी होते आहे, त्यांनी पाच लिटर प्यायलं तर ते पाणी फुप्फुसात साठून धाप लागते. हा मेसेज अशांच्याही हातात आहे.

काढ्याच्या दाव्याचा मला रागच येतो. त्यात वनस्पतींची नावं आहेत, प्रमाण नाही. वरून 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं आश्वासन. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्यासाठी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक लोकांच्या किडन्या बिघडल्या, त्यात बहुतेक बायका. एका वनस्पतीऐवजी चुकून दुसरीच आली होती, तिच्यात किडनीला विषारी असं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. त्यातल्या बऱ्याच जणींना डायलिसिसवर जावं लागलं. पुढे किडनी पूर्ण निकामी झालेल्या ३९ रुग्णांच्या किडन्या आणि मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग सापडला. तीही वनस्पतीच होती.

मग 'आमच्या ओळखीत एकाची किडनी काढ्याने बरी झाली' हे येतं कुठून? जुलाबाने, तापाने किंवा एखाद्या औषधाने किडनी अचानक बिघडते तेव्हा ती अनेकदा काही आठवड्यांत आपली आपण सावरते. त्या आठवड्यांत जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. वण पडलेल्या गाळण्या परत उभ्या राहिलेल्या कुणी दाखवलेल्या नाहीत.

तीस वर्षांत एकही औषध नाही म्हणे. गेल्या काही वर्षांत या आजाराचे उपचार जेवढे बदलले तेवढे आधीच्या दोन दशकांत बदलले नव्हते. डॅपाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहाचं औषध. २०२०च्या 'डापा-सीकेडी' चाचणीत ४,३०४ किडनीच्या रुग्णांना ते किंवा खोटी (औषध नसलेली) गोळी दिली, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. किडनीची क्षमता निम्म्याहून कमी होणं, किडनी निकामी होणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलेले लोक औषधाच्या गटात ९.२ टक्के होते, खोट्या गोळीच्या गटात १४.५. त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचा ६,६०९ रुग्णांवरचा अभ्यासही त्याच दिशेचा. फिनेरेनोन हे आणखी एक औषध आलं, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाचा किडनीच्या रुग्णांतला निकाल आला. आणि लक्षात घ्या, डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावरही पहिल्या काही आठवड्यांत जीएफआर थोडा खाली येतो, कारण तेही गाळणीतला दाबच उतरवतं. त्याच चुकीच्या समजापायी उद्या लोक तीही गोळी सोडतील.

डायलिसिसबद्दल दोनच गोष्टी. अचानक बिघडलेल्या किडनीसाठी सुरू केलेलं डायलिसिस किडनी सावरली की बंद होतं. जुनाट आजारात ते सुटत नाही हे खरं, पण ते किडनी गेल्यामुळे, डायलिसिसची सवय लागते म्हणून नव्हे. आणि घाईचं म्हणाल तर लवकर सुरू केल्याने माणूस जास्त जगत नाही, हे डॉक्टरांनीच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर तपासून २०१० साली जाहीर केलं. कुणी घाई करत असेल तर 'आत्ताच का' हे जरूर विचारा, उत्तर मिळालंच पाहिजे. पण धाप, उलट्या, वाढलेलं पोटॅशियम अशी कारणं समोर असताना मेसेजच्या भरवशावर नाही म्हणू नका. त्यात जीव जातो.

मावशीचं बीपी त्या अकरा दिवसांत १६८/९६ वर गेलं होतं. तिच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आधी रक्त आणि लघवी तपासायला सांगितलं, मग गोळी पुन्हा सुरू केली. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी आहे. तेव्हा क्रिएटिनिन थोडं वर दिसलं तर घाबरून गोळी सोडायची नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे मी तिच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलं आहे.