बँडमधले दोघं वाजवतायत, मग सोलो कसला?

पक्या हट्टालाच पेटला होता. जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडमधल्या स्टीव्ह हॅकेटच्या ‘व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट’ला सोलो, म्हणजे एकट्याचा अल्बम म्हणायचंच नाही. १९७५ साली गायक पीटर गेब्रिएल बाहेर पडल्यावर जेनेसिसमध्ये उरले चौघं. त्यातले तिघं या अल्बमवर आहेत: हॅकेट गिटारवर, ड्रम्सवर फिल कॉलिन्स, बेसवर माइक रदरफोर्ड. “एक कीबोर्डवाला टोनी बँक्स नाही म्हणून सोलो?”

अण्णा म्हणाले, “वाजवतंय कोण ते सोड. चाल कुणाची चालतेय ते बघ.”

“बघा की. जेनेसिसच्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ गाण्यातला गिटार सोलो ज्याच्या नावावर सगळे हॅकेटला ओळखतात, ती चाल बँक्सची आहे. बँडशिवाय तो गिटार सोलो झालाच नसता.”

हे मात्र खरं. आधी बासरीवर येणारी तीच चाल हॅकेट गिटारवर घेतो आणि एकेक स्वर असा लांबवतो की पियानोला ते जमणारच नाही. एकाची चाल, दुसऱ्याचा हात. बँड असतो तो यासाठीच.

पण माझं म्हणणं वेगळं होतं. याच अल्बममधलं ‘शॅडो ऑफ द हायरोफँट’ घ्या. हॅकेट-रदरफोर्डची ही रचना जेनेसिसच्या तालमीत वाजली होती, पण बँडच्या रेकॉर्डवर आली नाही. इथे तिला जवळपास बारा मिनिटं मिळाली. आधी सॅली ओल्डफील्डचा आवाज, आणि उत्तरार्धात एकच संथ चाल पुन्हा पुन्हा. दर फेरीला आवाज चढत जातो, ड्रम्स भरत जातात, हॅकेट घाई म्हणून करत नाही. वाजवणारे तेच आहेत रे पक्या, पण कुठे थांबायचं ते इथे एकटा हॅकेट ठरवतोय. म्हणून तो सोलो.

“आणि त्यानंच हॅकेट बँडमधून फुटला,” पक्या म्हणाला.

अण्णा उसळलेच. “फुटला तो वाट्यावरून! जेनेसिसच्या ‘विंड अँड वदरिंग’ अल्बमच्या वेळी त्यानं स्वतःच्या गाण्यांसाठी एक चतुर्थांश रेकॉर्ड मागितली, ती दिली नाही. ‘इनसाइड अँड आउट’सारखं गाणं अल्बमबाहेर ठेवलं, ते १९७७ मध्ये ईपीवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर आलं. माणूस त्याच वर्षी गेला.”

मला अण्णांचं पटतं. ज्याची स्वतःची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये सव्विसाव्या नंबरपर्यंत गेली, त्यानं पुन्हा दर गाण्यासाठी रांगेत का उभं राहावं? चार लिहिणारे आणि एलपीच्या दोन बाजू, कुणाचं तरी राहणारच होतं. राहायचं ते बहुतेक वेळा हॅकेटचं, हा अन्याय होता असं मी आजही म्हणेन.

पक्या काही मागे हटला नाही. “ठीक आहे. हॅकेटच्या त्याच अल्बममधलं ‘एस ऑफ वाँड्स’ लावा आणि त्यातले कॉलिन्सचे ड्रम्स मनातल्या मनात काढून टाका. मग सांगा काय उरतं.”

अण्णांनी मोबाइल काढला आणि गाणं लावलं. पहिल्या मिनिटातच ते म्हणाले, “ड्रम्स काढता येत नाहीत, हे कबूल. पण अल्बम त्याचाच.”

“मग अर्धा माझा मुद्दा खरा,” पक्या म्हणाला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं.