निरंक अहवाल कसा मिळवावा

एका रात्रीत गोठ्यात तीन गाई आडव्या झाल्या तर घाबरू नये. प्रयोगशाळेकडून निरंक, म्हणजे 'काहीच सापडलं नाही' असा अहवाल आणता येतो. आपण कृष्णाकाठची माणसं. 2019 चा पूर पाहिलाय. पाणी ओसरल्यावर भिजलेली सरकी पेंड पत्र्यावर कुणी कुणी वाळत घातली होती, ते इथे विचारत नाही.

पेंडेवर हिरवट बुरशी दिसली तर वरचा थर नखाने खरवडावा, बाकीची गाईंपुढे टाकावी. बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, उन्हात वाळवून जात नाही, दिवसाच्या आत दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी राहतं, असं तज्ज्ञ म्हणतात. त्यांना पोत्याचे पैसे कुठे भरायचे असतात! कायद्याने किलोभर दुधात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. म्हणून आपलं सगळं दूध डेअरीला घालावं आणि घरच्या चहाला शेळी बांधावी.

डॉक्टर यायच्या आधी गव्हाण धुऊन घ्यावी. पेंडेचं पोतं लेबलासकट चुलीत घालावं, म्हणजे कुठला लॉट, कधीचा, ही भानगडच मिटली. त्यात गाईला आदल्या रात्री हाताला लागेल ते अँटिबायोटिक टोचलेलं असेल तर उत्तम.

तरीही डॉक्टर नमुना मागतातच. "डॉक्टर, मेलेल्या जनावराचं काय तपासायचं आता?" एवढं म्हणून पाहावं. नाहीच ऐकलं तर काळजाचा तुकडा, आतडं, पोटातला चारा सगळं एकाच बरणीत कोंबावं आणि वर फॉर्मेलिन ओतावं. फॉर्मेलिनची गंमत अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मांस छान टिकतं, पण जंतू जागीच मरतात. मग प्रयोगशाळेने कल्चर लावलं, म्हणजे जंतू वाढवायला ठेवले, तरी उगवणार काय, कपाळ? बर्फ वगैरे लाड नकोत. बरणी शुक्रवारी संध्याकाळी सांगली स्टँडवरून पार्सलने पुण्याला लावावी. शनिवार-रविवार तीही निवांत. गाडीने स्वतःच निघालात तर वाटेत शिरवळ लागतं. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिकडे न बघता मिसळ खावी.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू करावेत. साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू शोधायला 25 ग्रॅम नमुना 225 मिली द्रावणात रात्रभर ठेवतात, मग दुसरं द्रावण, मग प्लेट, मग खात्री; चार-पाच दिवस जातात. जंतूंना आपल्यासारखी घाई नसते. "साहेब, कोरोनाचा रिपोर्ट तर एका दिवसात येत होता," हे वाक्य तयार ठेवावं.

अमेरिकेतल्या लोकांना मात्र नसते उद्योग फार. 2007 साली तिथे कुत्र्यामांजरांच्या खाद्यात मेलामाइन हे प्लास्टिकच्या कारखान्यातलं रसायन सापडलं, तर त्यांनी पुढे पशुवैद्यकीय प्रयोगशाळांचं जाळंच उभं केलं. आता कुत्रा आजारी पडला की खाद्याचं पाकीट जपून ठेवा म्हणतात. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाइन तान्ह्या पोरांच्या दूध पावडरीत निघालं, हा योगायोग समजावा.

पंधरा दिवसांनी अहवाल येईल: निरंक. लॅमिनेट करून गोठ्याच्या दारावर लावावा. तरी दोन पोती उरलीच असतील, ती मेव्हण्याला द्यावीत. तसंही त्याचं नि आपलं पटत नाही. फक्त तो दूध कुठल्या डेअरीला घालतो, तेवढं आधी विचारून घ्यावं. शेळी आटली असेल तर विशेषच.